गांवचें सांडपाणी आणि खालच्या अंगाची नदी

वरच्या अंगाच्या शहराची ओळख नदीकांठच्या शेतकऱ्यास बहुधा पाण्याच्या वासानेंच पटते. फाल्गुन सरून ओढ्यांची धार तुटली, कीं बंधाऱ्यामागील डोह काळवंडतो, मासे तोंडें वर काढूं लागतात आणि जनावर पाण्यास तोंड लावीत नाहीं. नगरपालिकेनें घाण सोडली एवढें बोलून आपण थांबतों. ती घाण किती व नदीस पचते किती, हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

मासे ज्या प्राणवायूवर जगतात तो पाण्यांत फारच थोडा विरघळतो. २५ अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत लिटरास सुमारें ८ मिलिग्रॅम, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. सांडपाण्यांतील मळ कुजविणारे सूक्ष्म जंतु हाच प्राणवायु खर्च करितात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरामागें पांच दिवसांत साधारण २५० मिलिग्रॅम. आतां २०,००० वस्तीचें गांव घ्या. दर माणशीं रोज १०८ लिटर सांडपाणी धरिलें तर तें २१ लाख ६० हजार लिटर भरतें, व त्यास ५४० किलो प्राणवायु लागतो. एवढा प्राणवायु ६ कोटी ७५ लाख लिटर स्वच्छ पाण्यांत असतो. म्हणजे रात्रंदिवस २७ क्युसेकांहून अधिक धार हवी. चैत्रवैशाखांत आपल्या किती नद्यांस ती असते? खळाळत्या पाण्यास हवेंतून नवा प्राणवायु मिळत राहतो हें खरें, पण कोल्हापुरी बंधाऱ्यास फळ्या बसल्यावर खळाळ उरतो कोठें?

नदीनें करावयाचें हें पचन गांवाच्या वेशीवरच उरकून घेणें, हेंच मैलाशुद्धीकरण केंद्राचें काम. प्रथम जाळीवर चिंध्या-काड्या अडवितात, वाळू खालीं बसूं देतात, आणि मग पाणी हवेच्या टांकींत घेतात. या टांकीचें मर्म घरच्या विरजणासारखें आहे. १९१४ सालीं मँचेस्टर येथें एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनीं सांडपाण्यांत हवा फुंकून पाहिली. पाणी शुद्ध होई, पण त्यास आठवडे लागत. तळीं बसलेला गाळ टाकून न देतां त्यांनीं तोच पुढच्या सांडपाण्यास लाविला, व असें पुनः पुनः करितां तेंच काम कांहीं तासांवर आलें. त्या गाळांत पोसलेल्या जंतूंची सेना तयार असते. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे पुढें १९१६ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत आले.

हवेच्या टांकींतून पाणी निवळण्याच्या टांकींत जातें. गाळाचा कांहीं भाग विरजण म्हणून परत फिरवितात, बाकीचा काढून घेतात. केंद्र नीट चाललें तर २५० ची मागणी २० वर येते, आणि वर सांगितलेल्या गांवाचें नदीवरील ओझें सव्वादोन क्युसेकांच्या आसपास उतरतें.

मात्र हे जंतु जिवंत आहेत. वीज गेली किंवा बिल वाचविण्यासाठीं हवेचीं यंत्रें रात्रीं बंद ठेविलीं, तर ते गुदमरतात. कारखान्याचें आम्ल गटारांत आलें तर मरतात. म्हणून केंद्र बांधून झालें कीं नाहीं यापेक्षां तें रात्रीं चालतें कीं नाहीं, हेंच खालच्या गांवांनीं विचारावें, आणि उन्हाळ्यांतील तपासणीचे आंकडे मागावे.

निवळलेलें पाणी पिण्याजोगें होतें असें मात्र नव्हे. त्यांत रोगजंतु उरतात; २०१२ सालीं इचलकरंजींत दूषित पाण्यानें आलेली काविळीची सांथ पुष्कळांच्या स्मरणांत असेल. विरघळलेले क्षारही तसेच राहतात, तेव्हां चोपणाकडे झुकलेल्या काळ्या जमिनीस हें पाणी परीक्षा करूनच द्यावें. नत्र व स्फुरद बरेंचसें उरतें. डोहांत त्यावर जलपर्णी माजते, शेतांत तेंच उसाच्या कामीं येतें.

काढलेला गाळ उत्तम खत होय. परंतु त्यांत जंतांचीं अंडीं असतात. तो पुरता वाळवून व कुजवून नांगरटीच्या वेळीं घालावा, मुळा-कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांस लावूं नये. जेथें कारखान्यांचें पाणी गटारांत मिसळतें तेथील गाळ, जड धातूंची तपासणी झाल्यावांचून फुकट मिळाला तरी घेऊं नये.