आधी गोळी, मग नळी

अमेरिकेत रायफलची कोरी बॅरल पोस्टाने घरी येते. पुठ्ठ्याच्या लांब नळकांड्यात, तेल लावून. ॲक्शन, म्हणजे काडतूस भरणारी आणि बाहेर काढणारी यंत्रणा, मात्र अशी येत नाही. तिच्या ज्या पोलादी सांगाड्यात बोल्ट पुढे-मागे सरकतो तो रिसीव्हर, आणि १९६८च्या संघीय कायद्याच्या लेखी तोच ‘बंदूक’. नंबर त्याच्यावर कोरलेला असतो. तो घ्यायला परवानाधारक दुकानदाराकडे जावं लागतं, ओळखपत्र दाखवून फॉर्म भरावा लागतो, मग तपासणी होते. भारतात शस्त्र कायदा सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो, म्हणून आपल्याकडून आलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझा हात लेथवर बसला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. आता कोलोरॅडोत एका मशीन शॉपमध्ये काम करतो आणि ऑक्टोबर उजाडला की शेजाऱ्याबरोबर एल्कच्या मागे डोंगर चढतो. एल्क हे हरणांच्या कुळातलंच जनावर, पण पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात. भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, असं माझं मत आहे. इथला हिशेब निराळा. हंगाम आणि परवाने राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि रायफली-काडतुसांवरचा अकरा टक्के अबकारी कर १९३७च्या कायद्यापासून वन्यजीवांच्या कामासाठीच राखलेला आहे. पटो न पटो, पद्धत ही अशी आहे.

मध्यंतरी इथल्या एका मराठी मित्राने विचारलं, “रायफल जुळवून घेतोय. ॲक्शन कुठली घेऊ, सांग.” म्हटलं, “ॲक्शनचं नंतर बघू रे. मारणार काय आहेस, ते आधी सांग.”

सुरुवात तिथूनच करावी लागते. जनावर ठरलं की गोळी ठरते. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेन वजनाची, आदळल्यावर फुलणारी गोळी लागते. ही कायद्याची तळरेषा झाली. बहुतेक शिकारी तिच्या बरेच वर राहतात. गोळीवरून काडतूस ठरतं आणि काडतुसावरून ॲक्शनची दोन मापं आपोआप येतात. एक लांबी. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर आखूड ॲक्शनमध्ये बसतात, .३०-०६च्या घराण्याला लांब लागते. दुसरं बोल्टच्या तोंडाचं माप. ही तिन्ही काडतुसं .४७३ इंचाच्या तोंडात बसतात, मॅग्नमला त्याहून रुंद तोंड लागतं. आता ॲक्शन हौसेने आधी घेतली आणि काडतूस मागून बदलायचं ठरलं, तर बदल याच दोन मापांच्या आत करावा लागतो.

पण गोळीचा सगळ्यात मोठा हुकूम चालतो तो बॅरलच्या पिळावर. नळीच्या आत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरणारी गोळी भोवऱ्यासारखी तोल धरून राहते. किती इंचांत एक पूर्ण वेढा, तो पीळ. नऊ इंचांत एक असेल तर ‘एकास नऊ’. सेकंदाला २९०० फूट वेगाने निघालेली गोळी अशा नळीतून मिनिटाला सव्वादोन लाखांहून अधिक फेऱ्यांच्या गतीने बाहेर पडते. गोळी जितकी लांब तितका घट्ट पीळ हवा, हे जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये सूत्रात मांडलं. यात वजनापेक्षा लांबीला महत्त्व आहे. शिसं टाळायचं म्हणून निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरणारे आता पुष्कळ आहेत. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुना पीळ तिला पुरेलच असं नाही. १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरला परंपरेने एकास दहा पीळ असतो. १३० ग्रेनच्या नेहमीच्या गोळीला तो उत्तम. आजच्या लांबुडक्या जड गोळ्यांना अपुरा. कारखान्याची रायफल सोडून मुद्दाम बॅरल बनवून घेण्याचं मला पटणारं कारण हे एवढंच.

खाचा पाडण्याच्या पद्धतींवर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो. कारखाने बहुधा हातोडा-पद्धत वापरतात: आत कठीण धातूचा साचा, बाहेरून यंत्राचे घाव. टिक्का, रूगर असं करतात आणि त्यांचा नेम वाईट नसतो. सुटी बॅरल विकणाऱ्यांत मुख्य तट दोन. टेक्सासची शिलेन किंवा मोंटानाची लिल्या कार्बाइडचं बटण छिद्रातून दाबून नेतात. धातू कापला जात नाही, बाजूला सरतो. त्यातून पोलादात ताण राहतो, तो भट्टीत उतरवावा लागतो. विस्कॉन्सिनच्या क्रीगर आणि बार्टलाइन एका धारेने कापतात. एका फेरीत दशसहस्रांश इंचाच्या आसपास धातू निघतो, म्हणजे एका बॅरलला शेकडो फेऱ्या. .३० कॅलिबरच्या खाचेची खोली अवघी चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश असते, हे ध्यानात घ्या. आयुष्य चिप काढण्यात गेल्यामुळे माझा कल कापणाऱ्यांकडे आहे. पण खरं सांगायचं तर चारशे यार्डांवर उभ्या एल्कला यातला फरक कळणार नाही. बॅरल कुठल्या पद्धतीची यापेक्षा काडतूस बसतं ते चेंबर कुणी कापलं, हे मी आधी विचारतो. डायल लावून बोअर मध्यावर न आणता रीमर घातला, तर महागातलं पोलादही वाया जातं.

जाडीचा निर्णय पायांनी घ्यावा. दहा हजार फुटांवर, बर्फात, रायफल चार तास खांद्यावर असते आणि चाप ओढायची वेळ आलीच तर एकदाच येते. जाड बॅरल उशिरा तापते, म्हणून लागोपाठ वीस गोळ्या झाडणाऱ्या नेमबाजाला ती हवी. शिकाऱ्याला थंड बॅरलमधली पहिली गोळी महत्त्वाची, आणि चांगली बनवलेली सडपातळ बॅरल तीही नेमकी टाकते. मोंटानाची प्रूफ रिसर्च पातळ पोलादी नळीवर कार्बन फायबर गुंडाळून देते. दिसते देखणी, वजन वाचतं, किंमत स्टीलच्या दुप्पट. लांबीचं म्हणाल तर इंचामागे साधारण वीस-तीस फुटांचा वेग कमी-जास्त होतो. मी चोवीस इंच ठेवली. सव्वीसची नळी ॲस्पेनच्या दाटीत फांद्यांना अडकते.

आता ॲक्शन. जवळजवळ सगळ्या बोल्ट ॲक्शनांवर १८९८च्या माउझरची छाप आहे. तिचा लांबलचक पंजा काडतुसाला मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. विंचेस्टरचं १९३६चं मॉडेल ७० याच वंशातलं; १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तो पंजा काढला, आणि त्याआधीच्या रायफलींना शौकीन आजही जास्त पैसे मोजतात. १९६२च्या रेमिंग्टन ७००मध्ये पंजा नाही. बोल्ट काडतूस पुढे ढकलतो आणि ते चेंबरमध्ये बसताना पकडतो. तिचा रिसीव्हर गोल आहे, लेथवर करायला सोपा. म्हणून तिच्या मापाचे दस्ते, चाप, मॅगझिन यांचा बाजार एवढा वाढला की आजच्या बहुतेक कस्टम ॲक्शन तिच्याच मापावर बनतात.

आफ्रिकेत रानरेड्यासमोर उभं राहणाऱ्याने माउझरचा पंजाच घ्यावा. घाबरून बोल्ट अर्धाच ओढून पुन्हा ढकलला तरी दुसरं काडतूस पहिल्यावर आदळत नाही. एल्क अंगावर येत नाही; तिथे दोन्ही चालतात.

कस्टम ॲक्शनचा खरा फायदा मापांच्या एकसारखेपणात आहे. आटे, बोल्टला जागेवर अडकवणारे लग, बोल्टचं तोंड प्रत्येक नगावर इतकं सारखं असतं की बॅरलवाला ॲक्शन न पाहताच आटे आणि चेंबर पूर्ण करून पाठवतो. याला प्रीफिट म्हणतात. सॅव्हेजने १९५८च्या आपल्या ११० मॉडेलमध्ये बॅरलवर नट देऊन हीच सोय स्वस्तात केली होती. दोन्हीकडे ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज लावून हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासलाच पाहिजे, आणि ते काम जाणत्या गनस्मिथकडूनच करून घ्यावं. काडतूस चेहऱ्यापासून काही इंचांवर फुटत असतं.

पण घट्ट मापाचं वेड शिकारीत एका मर्यादेपर्यंतच ठीक. बोल्टच्या फटीत पाइनची सुई, वितळून पुन्हा गोठलेलं बर्फ, स्ट्रायकरवर थंडीत दाटलेलं ग्रीस हे सगळं डोंगरात होतं. जरा मोकळी ॲक्शन तिथे निमूट चालते. स्पर्धेसाठी बनवलेली, आरशासारखी बसणारी ॲक्शन खोलीत बोल्ट सरकवून बघायला सुंदर असते, म्हणूनच विकली जाते.

मित्राला शेवटी सांगितलं ते असं. काडतूस .२८० ॲक्ली इम्प्रूव्हड, गोळी १६० ग्रेन, पीळ एकास नऊ, मधल्या जाडीची चोवीस इंची स्टेनलेस बॅरल. ॲक्शन जुन्या बाजारातली लांब रेमिंग्टन ७००. गनस्मिथ तिचे लग आणि तोंड लेथवर सरळ करून देईल. हजार डॉलरच्या पुढची कस्टम ॲक्शन नको. वाचलेल्या पैशांची काडतुसं घेऊन उन्हाळाभर सराव कर.

तुम्ही एच-वन व्हिसावर असाल तर एक गोष्ट आधी बघा. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. आणि १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत शिकार-प्रशिक्षणाचं कार्ड असल्याशिवाय तो परवाना सहसा मिळत नाही. तेव्हा आधी कार्ड काढा. चांगली बॅरल हाती यायला महिने लागतात. ऑक्टोबर गाठायचा असेल तर ऑर्डर आदल्या हिवाळ्यातच द्या.