क्वाथाचा चोथा आणि धानाचे तणस

भंडारा जिल्ह्यात धानाच्या मळणीनंतर जनावरांना न लागणारे तणस बांधावर पडून राहते. आपल्या औषधनिर्माणशाळांमागे क्वाथाचा चोथा साचतो. दोहोंचे उत्तम खत होते. यवतमाळ जिल्ह्यातील नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधतात. त्यात सुमारे १,४०० किलो काडीकचरा, १,७५० किलो चाळलेली माती, पाणी आणि शेण अवघे १०० किलो लागते. ज्या भगिनीच्या दारी एकच गाय आहे, तिला हे परवडते. ३ ते ४ महिन्यांत खत तयार होते. सालींचा चोथा मात्र कुटूनच थरांत पसरावा. तो सावकाश कुजतो.

एक पथ्य कठोरपणे पाळावे. रसौषधींच्या शोधनाची धोवणे वा भस्मांचे अवशेष यात कदापि जाऊ नयेत. पारद व नाग कुजत नाहीत. ते मातीतून धानात आणि तेथून आपल्याच रुग्णांच्या पोटात येऊ शकतात.

चोथा महिला बचत गटास वजनाची नोंद करून द्यावा, आणि आपल्या औषधी बागेसाठी खत त्याच गटाकडून रोख विकत घ्यावे. रक्कम गटाच्या खात्यातच जमा व्हावी. कचरा फुकट दिला म्हणून खतही फुकट मागणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.