जुन्या वेलीचा हिशेब

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराच्या ईशान्येला बरोसा नावाचं खोरं आहे. तिथल्या लाइट पास या छोट्या वस्तीत सिरिलो कुटुंबाची बाग आहे. या बागेत 1848 साली लावलेल्या ग्रनाश जातीच्या वेली आजही फळतात आणि त्यांच्या द्राक्षांची लाल वाइन हे कुटुंब स्वतःच्या नावानं बाटलीत भरतं. जगातल्या सर्वांत जुन्या ग्रनाश वेलींत यांची गणना होते. पावणेदोनशे वर्षांचा आकडा ऐकला की कौतुक आधी निसर्गाच्या पदरात पडतं. ते काही प्रमाणात योग्यही आहे. पण याच खोऱ्यात, याच मातीत वाढलेल्या असंख्य जुन्या वेली गेल्या चाळीस वर्षांत मुळासकट उपटल्या गेल्या. त्यांना रोगानं मारलं नाही, दुष्काळानंही नाही, हिशेबानं मारलं. द्राक्षं नुसती वजनावर विकली जातात तिथे जुनी वेल तोट्यात जाते. तिच्या फळाची वाइन करून ती वेलीच्या ओळखीसह विकणारा कुणी असेल, तरच ती वाचते. छोट्या बागायतदाराचं महत्त्व मला दिसतं ते इथे.

निसर्गाचा वाटा आधी पाहू. फायलोक्सेरा ही मुळांचा रस शोषणारी सूक्ष्म कीड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिनं फ्रान्समधल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी अमेरिकी खुंटावर कलम करूनच द्राक्षं लावावी लागतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात ही कीड 1877 साली सापडली, पण रोपं आणि अवजारं राज्यात आणण्यावरच्या कडक निर्बंधांमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात ती आजवर शिरलेली नाही. त्यामुळे बरोसातल्या जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. ग्रनाशचा स्वभावही त्यांच्या मदतीला आला. ही जात उष्णता आणि कोरडेपणा सोसते, आणि तिच्या फांद्या जात्याच ताठ वाढतात. म्हणून तिला मांडव लागत नाही, तारही लागत नाही. अशी जुनी वेल जवळून पाहिली तर जमिनीतून एक पिळवटलेलं, जाड खोड वर येतं, कमरेच्या आसपास त्याला चारपाच आखूड हात फुटतात, आणि दर हिवाळ्यात त्या हातांवर दोन-दोन डोळ्यांचे खुंटे राखून बाकी सगळं छाटलं जातं. उन्हाळ्यात पानांचा झुबका घडांवर सावली धरतो. अशा झुडपी वेलींमध्ये तोडणीचं यंत्र चालत नाही. प्रत्येक घड हातानं, वाकून तोडावा लागतो.

म्हणजे खर्च जास्त आणि फळ कमी. याचा परिणाम 1980च्या दशकात दिसला. तोवर बरोसाची ग्रनाश मुख्यतः पोर्टसारख्या गोड, मद्यार्क मिसळलेल्या वाइनसाठी जात असे. लोकांची आवड बदलली, त्या वाइनची मागणी घसरली, द्राक्षं पडून राहू लागली. दशकाच्या उत्तरार्धात सरकारनं बागा काढून टाकणाऱ्यांना अनुदान दिलं. ज्या बागेचं उत्पन्न सगळ्यांत कमी, ती आधी निघणार हे उघड होतं, आणि जुन्या, कोरडवाहू बागाच त्यात बसत होत्या. त्याच काळात काही छोट्या उत्पादकांनी नेमकी उलटी वाट धरली. 1984 साली सुरू झालेल्या रॉकफर्डनं जुन्या बागांच्या फळावर आपलं नाव उभं केलं. चार्ल्स मेल्टन यांनी 1988च्या हंगामापासून ग्रनाश, शिराझ आणि मूर्वेद्र यांची ‘नाइन पोप्स’ ही वाइन काढली. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पापच्या परंपरेशी नातं सांगणारं हे नाव होतं. टनावर कवडीमोल ठरलेल्या फळाला बाटलीत मान मिळाला आणि त्या मानातून वेलीच्या देखभालीचे पैसे निघू लागले.

यावर पहिला आक्षेप असा की ‘जुन्या वेली’ ही नुसती विक्रीची युक्ती आहे. वेल म्हातारी झाली म्हणून वाइन आपोआप चांगली होत नाही. हे खरं आहे आणि स्पष्टपणे मान्य करायला हवं. वाईट जागी लावलेली वेल शंभर वर्षांनीही वाईटच वाइन देते. शिवाय जुन्या बागा चांगल्या वाटतात त्याचं एक कारण म्हणजे वाईट बागा केव्हाच निघून गेल्या आहेत. तरीही ग्रनाशच्या बाबतीत वयाचा परिणाम समजण्यासारखा आहे. ही जात तरुणपणी अनावर असते: पाणी आणि खत मिळालं की घडांनी लगडते, मणी फुगतात, आणि पातळ सालीमुळे रंग नि स्वाद दोन्ही विरळ होतात. वय वाढलं की जोर ओसरतो, घड कमी लागतात, आणि खोल मुळांमुळे उन्हाच्या तडाख्यात वेल पटकन कोमेजत नाही. तरुण वेलीवर छाटणी आणि विरळणी करून जे साधावं लागतं, त्यातलं बरंचसं जुनी वेल आपणहून करते. चांगल्या हातांत त्यातून उतरणारी वाइन रंगानं फिकट माणकासारखी, वासाला रास्पबेरी आणि मिरीची, आणि जिभेवर रेशमी असते. आणि युक्तीचा आरोप व्याख्येनं बराच बोथट होतो. यलुम्बा या वाइनरीनं 2007 साली वेलींच्या वयाची सनद केली, 2009 मध्ये बरोसानं तशीच स्वीकारली: 35, 70, 100 आणि 125 वर्षं अशा चार पायऱ्या. वाइनविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेनंही 2024 साली 35 वर्षांची मर्यादा मान्य केली.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही महागडी हौस आहे, शेतीचा विचार उत्पन्नानंच व्हायला हवा. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा मुद्दा चटकन पटेल. नाशिकला वेलीला हिवाळी विश्रांती मिळत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांच्या ताणात ती जगते, आणि उत्पन्न उतरलं की बाग काढणं हाच व्यवहार ठरतो. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या बागायतदाराला दोष देण्यात अर्थ नाही, बरोसात अनुदान घेणाऱ्यालाही नाही. पण उत्पन्न म्हणजे किती किलो, की किती रुपये? किलोंच्या मापात जुनी वेल हरतेच. पैशांच्या मापात ती जिंकू शकते, फक्त त्यासाठी फळ आणि बाटली यांच्यामधला नफा पिकवणाऱ्याच्या हाती राहावा लागतो. शिवाय दुष्काळाच्या वर्षांत कमी पाण्यावर तगणारी बाग हा शेतीच्याच भाषेतला फायदा आहे.

तिसरं म्हणणं असं की मोठ्या कंपन्याही जुन्या बागा राखतात. राखतात; वयाची ती सनद मोठ्या वाइनरीतूनच आली. पण कंपनीच्या ताळेबंदात जुनी बाग अनेक बाबींपैकी एक असते, आणि मंदीत कात्री कुठे लागेल हे सांगता येत नाही. छोट्या बागायतदाराची सगळी ओळखच त्या बागेवर उभी असते. ती उपटणं म्हणजे स्वतःचं दुकान बंद करणं. भावनेपेक्षा ही गरज वेलीला अधिक भरवशाचं संरक्षण देते. म्हणून अशा बाटलीची किंमत जास्त वाटली तर तिच्यात काय काय धरलेलं आहे ते पाहावं: हातानं तोडणी, कमी फळ, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा होणारी छाटणी. उपटलेली बाग पैसे ओतून दुसऱ्या वर्षी लावता येते, पण तिला तेच वय यायला पावणेदोन शतकं लागतात. ज्या वस्तूची भरपाई कुठल्याही पिढीला स्वतःच्या हयातीत करता येत नाही, तिचा भाव टनावर ठरू देणं हा हिशेबच चुकीचा आहे.