आधी तिथी, मग फोटो

"ताई, आम्ही सगळे दिवेआगरला चाललोय. एकत्र फोटो काढायचाय. कोणता शनिवार धरू?" खडकीतून असा फोन आला की मी आधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघते. वार कोणता यापेक्षा तिथी कोणती हे माझ्या कामाला जास्त लागतं. कोकणात किनाऱ्यावरची माणसं एक जुना हिशोब करतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारापर्यंत. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाचा चोख हिशोब नव्हे, पण फोटोची वेळ ठरवायला पुरतो.

अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. पाणी फार वर चढत नाही, पण सूर्य मावळायच्या वेळीच ते वर असतं आणि खालची ओली, घट्ट वाळू झाकली जाते. उरते ती सुरूच्या बनाजवळची कोरडी, भुसभुशीत पट्टी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे मात्र सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा ओहोटी सापडते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत गेलेलं असतं. पुळण रुंद, ओली आणि चालायला कडक होते. कुटुंबाचा फोटो काढायचा तर जमीन अशीच हवी. एक तर ओल्या वाळूत आकाश उतरतं आणि तो उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांखालची काळी सावली फिकी होते. दुसरं म्हणजे कुटुंबात एखादी आजी असतेच, आणि कोरड्या वाळूत तिचा पाय रुतला की पुढचा सगळा वेळ तिचं लक्ष स्वतःच्या पायाकडे राहतं. फोटोत ते दिसतं.

पुण्यात खडकीतल्या माझ्या स्टुडिओचं रोजचं काम वेगळं असतं. पासपोर्ट, शाळेचे फॉर्म, बारशाचे अल्बम, आणि निवृत्त होणाऱ्यांचा जॉइंट फोटो. सरकारी पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, म्हणून फॅक्टरीतून निवृत्त होणारे गृहस्थ बायकोला घेऊन येतात, स्टुलावर खांद्याला खांदा लावून बसतात. लग्नानंतर दोघांनी असं मुद्दाम बसून फोटो काढून घेतलेला नाही, असं कितीतरी जोडप्यांनी मला सांगितलंय. इथली ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ची. दारूगोळ्याचा कारखाना, लष्कराची वर्कशॉप, सॅपर्सचं केंद्र, सगळं याच गावात. त्यामुळे आमच्याकडे रस्त्याच्या कडेने लांबच लांब भिंती आहेत आणि त्यांवर फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या. नियम योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम घराघरात दिसतो : तीस-पस्तीस वर्षं ज्या मशीनवर माणूस उभा राहिला, त्या मशीनजवळचा त्याचा एकही फोटो घरात नाही. निवृत्तीच्या वर्षी सगळ्या मुलाबाळांना घेऊन समुद्रावर जायचं आणि तिथे नीट फोटो काढून घ्यायचा, ही हौस मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. त्या माणसाच्या कष्टाचं पुढे भिंतीवर जे काही दिसणार आहे, ते बहुतेक या एका फोटोत दिसणार आहे.

अशाच एका कुटुंबाबरोबर मी गेल्या पौषात गेले. निवृत्त झालेले काका, काकू, दोन मुलगे, सुना, मुलगी, जावई, तीन नातवंडं आणि काकांच्या आई. बारा माणसं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा मुक्काम ठरवला होता. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, मग ताम्हिणी घाट, खाली माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. घाटात मुलांना मळमळतं, म्हणून मुलीने आवळासुपारीची डबी आधीच हाताशी ठेवली होती. पोचल्यावर खानावळीत उकडीचे मोदक. जेवणानंतर सगळ्यांनी दोन तास पाठ टेकावी असा माझा आग्रह असतो. प्रवासाने सुजलेले डोळे कुठल्याही लेन्सने लपत नाहीत.

सगळ्यांना हवा असतो सूर्यास्त. मागे लाल गोळा, पाण्यावर सोनेरी पट्टा, पुढे कुटुंब. मोबाइलवर अशी चित्रं बघून लोक येतात आणि तेच माझ्यापुढे धरतात. माझं म्हणणं मी प्रत्येकाला सांगते, त्यांनाही सांगितलं. पांढरे कपडे, मऊ उजेडातले चेहरे आणि मागे निळा समुद्र, असे जे परदेशी फोटो आपण बघतो, त्यातले पुष्कळसे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे असतात. तिथे समुद्र पूर्वेला. संध्याकाळी सूर्य जमिनीच्या बाजूला उतरतो, त्याचा उजेड सरळ चेहऱ्यावर पडतो आणि पाठीमागे समुद्र राहतो. आपल्याकडे हेच चेन्नईला जमेल. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ केली की सूर्यही पाठीमागे जातो आणि चेहरे काळे पडतात. कोकणात चेहऱ्यावर उजेड आणि मागे समुद्र हवा असेल तर वेळ सकाळची. सूर्य गावामागच्या डोंगरांवरून वर येतो, सुरूच्या शेंड्यांवर चढतो आणि मग पुळणीवर उतरतो.

"सकाळचा काढूच, पण सूर्यास्ताचाही हवा," धाकटी सून म्हणाली. हवाच. सहलीला आलेल्या माणसाला सूर्यास्ताला नाही म्हणू नये.

संध्याकाळचं काम मेहनतीचं असतं. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासहाच्या पुढे मावळतो. आम्ही पाच वाजताच खाली उतरलो. लॉजची खोली एसीची असेल तर कॅमेऱ्याची बॅग अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवावी लागते, नाहीतर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते आणि ती पुसून जात नाही. लेन्स बदलायची ती खोलीतच. पुळणीवर उडणारी बारीक वाळू आत गेली की संपलं. फ्लॅशच्या स्टँडला वजन म्हणून मी रिकाम्या कापडी पिशव्या नेते आणि तिथलीच वाळू भरते. छत्री लावायची नाही, वारा ती उलटी करतो. फ्लॅश माझा सहायक उंच धरून उभा राहतो.

आधी आकाशाचा उजेड मोजायचा आणि त्यापेक्षा थोडं अंधारं एक्स्पोजर धरायचं, म्हणजे रंग टिकतात. मग चेहऱ्यांपुरता उजेड फ्लॅशने भरायचा. शटर बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागापलीकडे नेता येत नाही, नेलं तर साध्या फ्लॅशचा उजेड अर्ध्याच चित्रावर पडतो. दोन रांगा असल्या की ॲपर्चर आठवर ठेवायचं आणि फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर. आपल्या अक्षांशावर सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे मनासारखा उजेड हाती राहतो तो मिनिटांच्या हिशोबाने. युरोपात उत्तरेकडे हाच उजेड कितीतरी वेळ पुरतो. म्हणून कोण कुठे उभं राहणार हे सूर्य वर असतानाच ठरवून ठेवते.

या रांगेबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाच्या स्टेजवर जागा ठरलेल्या असतात : वडीलधारी खुर्चीत, पुरुष मागे, सुना कडेला. पुळणीवर खुर्ची नसते, तरी माणसं सवयीने तशीच उभी राहतात. थोरली सून कडेला जाऊन धाकट्या मुलाचे केस सारखे करत होती. मी तिला मध्ये, सासूबाईंच्या शेजारी बोलावलं. क्षणभर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग सासूबाईंनीच तिचा हात धरून ओढलं. रांगेचा मध्य एकदा असा बदलला की बाकीच्यांचे खांदेही सैल होतात. हे मी फार वेळा पाहिलंय.

आणि क्षितिज. समुद्रासमोर फोटो काढताना सर्वांत जास्त फसवते ती ही रेघ. कॅमेरा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर, तेवढ्याच उंचीवर क्षितिज उभ्या माणसांना छेदतं, मग माणसं जवळ असोत की लांब. डोळ्याला कॅमेरा लावून उभ्याने फोटो काढला की सगळ्यांच्या मानेतून नाहीतर डोक्यातून रेघ जाते. मी गुडघ्यावर बसते, कॅमेरा कमरेच्या उंचीला आणते, म्हणजे रेघ मोठ्यांच्या कमरेशी राहते. मग मुलांची डोकी त्या रेघेवर येतात, म्हणून मुलांना कडेवर घ्यायला सांगते. दोन उचलली गेली, तिसरी दहा वर्षांची होती, तिला पुढे वाळूत बसवलं. कॅमेरा सरळ आहे ना, हे प्रत्येक वेळी बघायचं. समुद्र कलला की माणसंही पडल्यासारखी दिसतात.

लाटांकडे पाठ करून बारा माणसं उभी असतात तेव्हा पाण्याकडे कोण बघणार, हा प्रश्न मी फोटोच्या आधी सोडवते. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी पुण्यातल्या प्रत्येक घराने वाचली होती. माझ्या सहायकाचं तोंड कायम समुद्राकडे असतं. घोट्याच्या वर पाणी येईल अशा जागी मी कुणालाही उभं करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

सूर्य बुडाल्यानंतर पंधरा-वीस मिनिटं आकाशात उजेड राहतो. सगळे निघायच्या घाईत असतात आणि मी थांबवते, कारण तेव्हाच फ्लॅश कमी करून मऊ चेहरे मिळतात. त्या संध्याकाळचे फोटो चांगले आले. रंग होते, पदर उडत होता, मुलं हसत होती. पण आजींनी शाल कानापर्यंत ओढून घेतली होती आणि काकांच्या चष्म्यात फ्लॅश चमकत होता.

दुसऱ्या दिवशी साडेसातला सगळे पुन्हा पुळणीवर. तिथी द्वितीया, त्यामुळे पाणी जवळजवळ पूर्ण ओसरलेलं. पावलांखाली वाळू घट्ट. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातली सुरू, नारळ, सुपारीची पुष्कळ झाडं पाडली; बन जिथे विरळ झालंय तिथून ऊन आधी आत येतं, दाट राहिलंय तिथे उशिरा. मी आदल्या दिवशीच एक फट हेरून ठेवली होती. आठच्या सुमारास त्या फटीतून ऊन पुळणीवर आलं. कोवळं, पण चेहऱ्यावर सरळ पडणारं.

पांढरे सदरे आदल्या दिवशीच घालून झाले होते, ते बरं झालं. समोरच्या उन्हात पांढऱ्या कापडाची वीण जळून जाते, नुसता सपाट पांढरा डाग उरतो. आजींना मी त्यांची हिरवी काठापदराची साडी नेसायला सांगितलं होतं. निऱ्या जरा वर खोचून घेतल्या, कारण खाऱ्या पाण्याने भिजलेल्या निऱ्या जड होतात आणि पायात येतात. पदराला आतून सेफ्टी पिन. काकांचा चष्मा उन्हात काळा होणारा. थंडीत त्या काचा आणखी गडद होतात. त्यांना चष्मा दहा मिनिटं आधीच काढून खिशात ठेवायला सांगितला आणि घरात वापरायचा साधा चष्मा दिला. तो मी सूनबाईंना आठवणीने बरोबर घ्यायला लावला होता.

आजींचं वय ऐंशीच्या पुढचं. "पाण्याजवळ नको रे बाबा," असं त्या थोरल्या नातवाला, म्हणजे काकांच्या मोठ्या मुलाला, म्हणत होत्या. त्याने एका बाजूने धरलं, काकांनी दुसऱ्या बाजूने. कडक वाळूवर त्या स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. ओलसर जागी पोचल्यावर खाली बघून म्हणाल्या, "गार आहे." मी त्यांना मध्ये थांबवलं आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती यायला सांगितलं. कुणी कुठे उभं राहायचं हे या वेळी मी सांगितलं नाही. काकू आपणहून आजींच्या उजव्या हाताला, काका डावीकडे, थोरली सून काकूंच्या मागे हात ठेवून. मी उंच स्टूल मागवलं आणि त्यावर चढले, म्हणजे क्षितिज सगळ्यांच्या डोक्यांवरून गेलं आणि चेहऱ्यांमागे नुसतं ओसरलेलं पाणी राहिलं. पुढच्या वीस मिनिटांत ऊन कडक व्हायला लागलं, डोळे बारीक होऊ लागले. थांबलो.

खडकीला आल्यावर पहिलं काम कॅमेरा ओलसर कापडाने पुसायचं. मीठ तसंच राहिलं तर बटणांच्या फटीत बसतं. मग निवड. कुटुंबाला मी शेकडो फोटो देत नाही. शेकडोंतला एकही भिंतीवर जात नाही. थोडे देते आणि त्यातला एक बारा बाय अठरा इंचांचा, मॅट कागदावर, कारण समोर खिडकी असली की चकचकीत कागदात चेहऱ्याऐवजी खिडकी दिसते. काका-काकू प्रिंट बघायला स्टुडिओत आले तेव्हा धाकटी सूनही बरोबर होती. तिने सूर्यास्ताचा निवडला, तो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता आणि त्याला कौतुकही खूप मिळालं होतं. काकांनी दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग सकाळचा उचलला. त्यात आजींचे डोळे दिसतात, म्हणाले, आणि फ्रेमचं माप विचारलं.