अक्षरं छापून झाली, बोटांचं काय?

सरकारी कार्यालयांतल्या संगणकांच्या कळफलकावर रोमनसोबत देवनागरी अक्षरंही हवीत, हे ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सांगून झालं आहे. नागपुरातल्या एखाद्या कार्यालयाने मराठी कामासाठी वेगळा संगणक मांडायचा ठरवला, की माणूस बर्डीच्या बाजारात जाऊन की-बोर्ड वायरचा की वायरलेस एवढंच बघतो. खरं विचारायला हवं ते हे, की त्यावरची अक्षरं कोणत्या मांडणीची आहेत?

टायपिंग इन्स्टिट्यूटमधून तयार झालेला जुना हात बहुधा रेमिंग्टन मांडणीचा. 'किती' लिहिताना तो पहिली वेलांटी आधी देतो, मग क. १९८६ मध्ये आखलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. 'के'वर क, शिफ्ट धरली की ख. विंडोजमध्ये ही मांडणी आधीपासून असते, वेगळे पैसे लागत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: नवा की-बोर्ड इनस्क्रिप्टचाच घ्यावा.

त्याचं सगळ्यात मोठं कारण 'ऱ' आहे. 'दुसऱ्या' लिहिताना सरळ र, हलन्त, य दाबलं तर 'दुसर्या' उमटतं, आणि अशा पाट्या व परिपत्रकं आपण रोज वाचतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' ही कळ दाबली की ऱ मिळतो. पुढे हलन्त आणि य. काहीजण साध्या र ला हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. 'गोऱ्हे' हे आडनाव एका नोंदीत एका पद्धतीने आणि दुसरीत दुसऱ्या पद्धतीने भरलं, तर साध्या शोधात एक नोंद सापडतच नाही. नाव असूनही 'नोंद आढळत नाही' हे उत्तर ऐकून परतणाऱ्या माणसाचा विचार खरेदीच्या वेळीच व्हायला हवा.

बाकी निवड सोपी आहे. दिवसभर टंकलेखन असेल तर मेकॅनिकल घ्या. टीव्हीएस गोल्ड या मेकॅनिकल की-बोर्डचा खटखट आवाज कार्यालयांना नवा नाही. अक्षरं कळांवर पक्की छापलेली हवीत. स्टिकरचे कोपरे ४५ अंशांच्या मे महिन्यात घामेजल्या बोटांखाली सुटायला लागतात.

वीस वर्षं रेमिंग्टनवर बसलेल्या लिपिकाला मात्र जबरदस्ती नको. त्याचा वेग त्याच्याकडे राहू द्या, नव्या भरतीला पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट शिकवा. आणि पैसे देण्याआधी दुकानातच 'दुसऱ्या', 'कऱ्हाड', 'ज्ञानेश्वर' टाइप करून बघा.