होजला गोधडी नको, सावली हवी

दोन वर्षांपूर्वी ताम्हिणी घाट उतरताना बाबांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा ब्रेक एकाएकी दगडासारखा कडक झाला. पहिल्या दोन वळणांवर काहीच जाणवलं नव्हतं. तिसऱ्या वळणावर पेडल जेमतेम हललं. बाबांनी सगळा जोर लावला, गिअर खाली आणला आणि गाडी कशीबशी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं तर इंजिनाजवळून फिस्स असा आवाज येत होता. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या रबरी होजला वाकणावर तडा गेला होता. तो आधी दिसला नाही, कारण उष्णतेपासून संरक्षण म्हणून त्यावर जाड काळं आवरण मीच गुंडाळलं होतं. रबर उष्णतेने कसं म्हातारं होतं हाच माझ्या पीएचडीचा विषय. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आधी ही होज करते काय ते पाहू. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बंद असतो तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश इतकाच उरतो. होज हा कमी दाब बूस्टरपर्यंत नेते. आपण पेडल दाबलं की बूस्टरच्या पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा ढकलते. म्हणजे ब्रेक दाबायला आपल्या पायासोबत वातावरणही जोर लावतं! होज फुटली तरी एकदिशा झडपेमुळे बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतकी मदत शिल्लक असते. आमची पहिली दोन वळणं त्यावरच निघाली. (डिझेल गाडीत कमी दाब वेगळा पंप तयार करतो, पण होज तिथेही असतेच.)

आता रबराकडे वळू. रबर म्हणजे एकमेकींना जागोजागी बांधलेल्या लांब साखळ्या. हवेतला ऑक्सिजन या साखळ्या तोडतो, आणि नको तिथे नव्या गाठीही मारतो. गाठी वाढल्या की रबर कडक होतं आणि वाकणावर तडकतं. ही क्रिया थंडपणीही चालू असते, उष्णतेने तिचा वेग वाढतो. अऱ्हेनिअसने 1889 मध्ये मांडलेल्या समीकरणावरून एक ढोबळ नियम निघतो: तापमान 10 अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट. म्हणजे होज 30 अंशांनी थंड ठेवली तर तिचं आयुष्य आठपटीच्या आसपास जाऊ शकतं. मग आवरण घालणं चूक कसं?

गोधडी आपल्याला ऊब देते, कारण उष्णता आपलं शरीर तयार करतं आणि गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही. बर्फ गोणपाटात गुंडाळला तर तो उशिरा वितळतो, पण वितळतोच. होजची गत बर्फासारखी आहे. तिच्या आत उष्णता वाहून नेणारं काही नाही, जवळजवळ स्थिर अशी विरळ हवा आहे. त्यामुळे तास-दीड तासाच्या प्रवासात आतलं रबर आवरणाच्या बाहेरच्या पृष्ठभागाइतकंच तापतं. त्यात काळा रंग प्रारण शोषून घेतो. माझ्या आवरणाने उष्णता थांबवली नाही, फक्त उशिरा पोहोचवली. वर तडा झाकला तो वेगळाच.

खरा शत्रू समोरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. 500 अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग 100 अंशांच्या तशाच पृष्ठभागापेक्षा सुमारे 18 पट प्रारण फेकतो. पण चकचकीत ॲल्युमिनियम त्यातला दहावा हिस्सासुद्धा शोषत नाही. म्हणून हवी ती सावली: मॅनिफोल्ड आणि होजच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, होजपासून बोटभर लांब, मधून हवा खेळती राहील असा. त्यावर तेल-काजळी बसू देऊ नका, चमक गेली की उपयोग गेला. कंपनीने दिलेल्या क्लिपा आणि उष्णतारोधक पत्रे दुरुस्तीनंतर जागच्या जागी परत बसलेत ना, हेही बघा. निसटलेली एक क्लिप होजला थेट मॅनिफोल्डवर टेकवू शकते.

बदलताना ब्रेक बूस्टरसाठीचीच होज घ्या. पाण्याची साधी नळी कमी दाबाने आत चेपते. सिलिकॉन उष्णता छान सोसतं, पण तेल-पेट्रोल लागलं की फुगतं.

आणि ही एक मिनिटाची तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर घाट सोडा, गल्लीतही गाडी काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

आता बाबांच्या गाडीत होज उघडी आहे आणि समोर पत्रा आहे. घाटात निघण्याआधी बाबा बॉनेट उघडून ती बोटांनी वाकवून बघतात. मग माझ्याकडे बघतात.