सेनानायकांचे जहाज ‘अँकॉन’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्गाने शत्रूच्या मुलखावर सैन्य उतरवण्याच्या ज्या मोठ्या मोहिमा झाल्या, त्यांचे वर्णन वाचताना, ज्या जहाजावर सेनापतीचे निशाण फडकत होते ते ताफ्यातील सर्वांत बलाढ्य आणि जाड चिलखताचे जंगी जहाज असले पाहिजे, अशी समजूत वाचकाच्या मनात आपोआप घर करते. आणि शतकानुशतके आरमाराचा सरदार आघाडीच्या लढाऊ जहाजावर उभा राहूनच हुकूम सोडीत आला असल्यामुळे, ही समजूत अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. तथापि सिसिली, सालेर्नो आणि नॉर्मंडी या तिन्ही मोहिमांत ज्या जहाजाने सेनानायकांचे ठाणे म्हणून काम केले, ते अमेरिकन आरमाराचे ‘अँकॉन’ जन्माने उतारू व माल वाहणारे व्यापारी जहाज होते. त्याला लढाऊ जहाजाचे चिलखत नव्हते, आणि विमानविरोधी लहान तोफा वगळल्या तर पाच इंची तोफा अवघ्या दोन होत्या.

पनामा रेलरोड कंपनीसाठी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील क्विन्सीच्या गोदीत ते बांधले गेले आणि १९३८ साली पाण्यात सोडले गेले. न्यूयॉर्कहून पनामा कालव्याच्या मुखाशी असलेल्या क्रिस्टोबाल बंदरापर्यंत उतारूंची ने-आण करणे हे त्याचे नेमून दिलेले काम. येथेच एक घोटाळा निस्तरणे अवश्य आहे. १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालव्यातून अधिकृत रीतीने प्रथम पार झालेले जहाज ‘अँकॉन’ होते हे खरे; परंतु ते याच नावाचे पूर्वीचे जहाज, आणि नॉर्मंडीच्या ‘अँकॉन’चा त्याच्याशी संबंध केवळ नावाचा व मालकीचा. १९४२ च्या आरंभी लष्कराने आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात आरमाराने हे नवे जहाज ताब्यात घेतले, तेही साधे सैन्यवाहू जहाज म्हणून.

मग उतारूंच्या जहाजाला हा मान का मिळाला? जंगी जहाजांचा तुटवडा होता म्हणून, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते चुकीचे आहे, आणि त्या चुकीमुळे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा धडा दृष्टीआड होतो. सप्टेंबर १९४० मध्ये पश्चिम आफ्रिकेतील डकारवरील अयशस्वी स्वारीत ब्रिटिश सेनानायकांचे ठाणे ‘बारहॅम’ या युद्धनौकेवर होते, आणि ती युद्धनौका व्हिशी सरकारच्या फ्रेंच तोफखान्याशी झुंजण्यात गुंतली तेव्हा तिच्यावरील लष्करी सेनापतीलाही, त्याचे काम असो वा नसो, तिच्यामागे फरफटत जावे लागले. ८ नोव्हेंबर १९४२ रोजी मोरोक्कोच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैन्य उतरताना त्याच चुकीची पुनरावृत्ती झाली. जनरल पॅटन आणि त्यांचे अधिकारी सकाळी आठच्या सुमारास ‘ऑगस्टा’ या क्रूझरवरून किनाऱ्याकडे निघण्याच्या बेतात होते, त्यांचे सामान लादलेली होडी कठड्याबाहेर टांगून सिद्ध होती, इतक्यात कॅसाब्लांका बंदरातून फ्रेंच जहाजे चाल करून आली; ‘ऑगस्टा’ने तोफा डागल्या, आणि तिच्याच तोफांच्या हादऱ्याने त्या होडीच्या चिंधड्या उडाल्या. पॅटन यांची प्रसिद्ध पिस्तुले तेवढी आधीच काढून घेतल्यामुळे वाचली. ज्या सैन्याचे ते सेनापती, ते पहाटेपासून किनाऱ्यावर लढत असता ते स्वतः दुपारपर्यंत जहाजावर अडकून पडले. जहाजाचा धर्म लढण्याचा आणि सेनापतीचा धर्म समग्र मोहीम चालवण्याचा. हे दोन धर्म एकाच पोलादी सांगाड्यात सुखाने नांदत नाहीत, हे त्या सकाळने सिद्ध केले. त्याच मोहिमेत अल्जियर्ससमोर ब्रिटिशांनी ‘बुलोलो’ हे ऑस्ट्रेलियन कंपनीचे उतारू जहाज खास मुख्यालय म्हणून सजवून आणले होते. तेथे अशी अडचण उद्भवली नाही.

‘अँकॉन’ स्वतः त्या वेळी मोरोक्कोच्याच किनाऱ्यावरील फेदालासमोर होते. ११ आणि १२ नोव्हेंबर या दोन दिवसांत जर्मन पाणबुड्यांनी तेथील चार सैन्यवाहू जहाजे बुडवली, आणि ‘अँकॉन’च्या होड्यांनी बुडत्या माणसांना वर काढले. पुढे १९४३ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात नॉरफोकच्या गोदीत त्याचा कायापालट झाला. उतारूंच्या दालनांत बिनतारी संदेशयंत्रे, रडारचे पडदे, नकाशांची मेजे आणि सांकेतिक लिपीचे दप्तर थाटले गेले, आणि आरमार, लष्कर व विमानदल या तिन्ही खात्यांचे अधिकारी एकाच छताखाली, एकाच नकाशापुढे बसू लागले. प्रशस्त व्यापारी जहाजात या सरंजामाला जी ऐसपैस जागा मिळाली, ती तोफा आणि दारूगोळा यांनी दाटलेल्या क्रूझरवर कधीच मिळाली नसती. तुटवड्यामुळे केलेली ही तडजोड नव्हती. पूर्ण विचारान्ती केलेली ती निवड होती.

अशा जहाजावरील अधिकारी धोक्यापासून दूर, सुखरूप बसलेले असत, हा आक्षेप मला विशेष अन्यायाचा वाटतो. संदेशवाहक तारांच्या दाट जाळ्यामुळे हे जहाज दुरूनही ओळखू येई, आणि जे ओळखू येते त्याच्यावर शत्रूचे लक्ष प्रथम जाते. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या आखातात आरमारी सेनापती ॲडमिरल ह्युइट आणि पाचव्या सेनेचे सेनापती जनरल मार्क क्लार्क ‘अँकॉन’वर असताना जर्मन विमानांनी रात्रंदिवस त्या ताफ्याचा पिच्छा पुरवला, ११ तारखेला त्याच पाण्यात ‘सव्हाना’ ही क्रूझर बिनतारी यंत्रणेने मार्ग वळवता येणाऱ्या नव्या बॉम्बला बळी पडून जबर जखमी झाली, आणि अखेर ह्युइट यांनी आपले निशाण ‘बिस्केन’ या लहान जहाजावर हलवून ‘अँकॉन’ला त्या आखातातून परत पाठवले. ‘बुलोलो’वर नॉर्मंडीत ७ जून १९४४ रोजी बॉम्ब पडला, आणि दक्षिण फ्रान्ससमोर ‘कॅटोक्टिन’ या याच जातीच्या जहाजावर त्याच वर्षीच्या ऑगस्टात बॉम्ब पडून खलाशी प्राणास मुकले. 

जहाजावर ॲडमिरल आणि जनरल दोघेही असत, तेव्हा हुकूम कोणाचा चाले, याविषयीही बराच गोंधळ आढळतो. रिवाज असा होता की, सैन्य उतरत असेतो सर्व अंमल आरमाराच्या सेनापतीचा. लष्करी सेनापतीने किनाऱ्यावर आपले ठाणे स्थापून तयारी कळवली, म्हणजे जमिनीवरील अंमल त्याच्याकडे जाई.

आता ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्याकडे वळू, कारण ‘अँकॉन’विषयीच्या सर्वांत चिवट समजुती तेथल्याच आहेत. अमेरिकन पहिल्या सेनेचे सेनापती जनरल ब्रॅडली या जहाजावर होते असे काही जण सांगतात. ते ‘ऑगस्टा’वर होते. ‘अँकॉन’वर होते ते या किनाऱ्यावरील आरमारी दलाचे सेनापती रिअर ॲडमिरल जॉन हॉल, पाचव्या कोअरचे जनरल जेरो आणि पहिल्या डिव्हिजनचे जनरल ह्यूबनर. परंतु याहून मोठा भ्रम हा की, इतकी यंत्रे असलेल्या या जहाजावर किनाऱ्याचे चित्र क्षणाक्षणाला स्पष्ट दिसत होते. वस्तुस्थिती अत्यंत वेदनादायक होती. जहाज किनाऱ्यापासून सुमारे अकरा सागरी मैलांवर नांगरलेले. साडेसहाला पहिली माणसे उतरली तीच गोळ्यांच्या वर्षावात. त्यांच्या पाठीवरची संदेशयंत्रे लाटांत बुडाली किंवा वाहून नेणाऱ्यांसह नाहीशी झाली. आणि ऐकण्यासाठीच जे जहाज सजवले होते, त्याच्याशी बोलणारेच किनाऱ्यावर फारसे उरले नाहीत. जेरो यांनी कर्नल टॅली यांना पाण्यातही चालणाऱ्या मोटारींवर यंत्रे देऊन किनाऱ्याजवळ टेहळणीस ठेवण्याची दूरदृष्टी दाखवली नसती, तर जी थोडी विश्वसनीय वार्ता मिळाली तीही मिळाली नसती. आणि ती वार्ताही, होड्यांची गर्दी होऊन सारी व्यवस्था कोलमडली आहे, अशीच होती. तिकडे ‘ऑगस्टा’वर ब्रॅडली, पुढच्या तुकड्या दुसऱ्या किनाऱ्याकडे वळवाव्यात काय, या विचाराप्रत आले होते.

पारडे फिरले ते मात्र वरून आलेल्या एखाद्या थोर हुकुमाने नव्हे. ‘फ्रँकफर्ड’वरील कॅप्टन सँडर्स यांच्या विनाशिका तळ लागण्याची पर्वा न करता किनाऱ्याला भिडल्या, आणि पायदळाशी बिनतारी संबंध नसतानाही, आपल्या रणगाड्यांचे गोळे कोठे पडतात ते डोळ्यांनी पाहून त्याच ठिकाणी मारा करू लागल्या, आणि कड्याच्या पायथ्याशी अडकलेल्या लहानसहान तुकड्या आपल्या अधिकाऱ्यांच्या मागोमाग वर चढल्या. यावरून ‘अँकॉन’ निरुपयोगी ठरले असा निष्कर्ष काढणे मात्र तितकेच चुकीचे होईल. पुढच्या तुकड्या कोणत्या क्रमाने सोडायच्या, जखमी कोठे न्यायचे, तोफांचा मारा कोठे मागायचा आणि विमाने कोठे धाडायची, याचा शेकडो जहाजांपुरता हिशेब दिवसभर याच जहाजावरून राखला गेला. आघाडीचा दुवा तुटला असतानाही पिछाडीचा प्रवाह थांबला नाही, हे श्रेय निःसंशय त्याचे.

त्याच दिवशी जॉर्ज हिक्स या नभोवाणी वार्ताहराने ‘अँकॉन’वरून केलेले निवेदन अमेरिकेभर गाजले, मागे तोफांचा धडाका आणि विमान पडताच खलाशांचा जल्लोष त्यात ऐकू येतो. ते जसे घडत होते तसेच घरोघर ऐकू गेले, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात ते फिल्मच्या पट्टीवर ध्वनिमुद्रित करून नंतर प्रसारित केलेले होते. त्यामुळे त्या निवेदनाच्या सच्चेपणाला उणेपणा येत नाही.

नॉर्मंडीनंतर ‘अँकॉन’ पॅसिफिकमध्ये गेले, ओकिनावाच्या मोहिमेत राहिले, आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी ‘मिसूरी’ या युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा वार्ताहरांचे वृत्तान्त जगाकडे धाडण्याचे काम त्याच्याकडे होते. ही जहाजे केवळ त्या युद्धापुरतीच होती, हे मतही टिकत नाही. १९५० साली कोरियातील इंचॉन येथे सैन्य उतरवताना जनरल मॅकआर्थर याच जातीच्या ‘माउंट मॅकिन्ली’वर होते. ‘अँकॉन’ स्वतः मात्र १९४६ साली पुन्हा पनामाच्या उतारूंकडे परतले, १९६२ पासून ‘स्टेट ऑफ मेन’ या नावाने नाविक विद्यार्थ्यांचे शिक्षण-जहाज झाले, आणि १९७३ मध्ये मोडीत निघाले.